मोरूदादाने ओतलेलं झाकण

इंजिनाशी माझी ओळख झाली ती झाकणातून. हसू नका, खरंच सांगते. आमचे हे कासूजवळ हायवेला शेड टाकून बसले, तेव्हा मी फक्त ऑइलचे डबे विकायचे. पत्र्याचं एक कपाट, त्यात डबे आणि समोर स्टुलावर मी. गिऱ्हाईक डबा घ्यायचं आणि म्हणायचं, वहिनी, जरा ओतून पण द्या, लग्नाला निघालोय, कपडे चांगले आहेत. मग मी उठायची, बॉनेट उघडायची, झाकण फिरवून काढायची आणि नरसाळं लावून ओतायची. आता झाकण काढलं की बाईमाणूस आत डोकावणारच. चुलीवरच्या टोपाची सवय असते ना. वास घ्यायचा, रंग बघायचा, आत काय शिजतंय त्याचा अंदाज घ्यायचा. मी इंजिन असंच शिकले, वरून खाली. पुढे यांच्या गुडघ्यांनी संप केला. तेव्हा यांनी पान्हे माझ्या हातात दिले आणि स्वतः हवेच्या मशीनपाशी खुर्ची टाकली. आता ते टायरमध्ये हवा भरतात आणि तोंडाने राजकारण. पेणपासून रोह्यापर्यंत गाडीवाले मला ऑइलवाली काकी म्हणतात.

दिवाळी अंकासाठी लिहा म्हणाले, तेव्हा मी म्हटलं, मी काय लिहिणार, मी बोलते ते उतरवून घ्या. पण ते म्हणाले लिहाच. तर लिहिते. कुठलं मोठं काम नाही निवडलं. सगळ्यात लहान वस्तू निवडली, ऑइलचं झाकण. कारण माझ्या सगळ्या आयुष्यात छातीत सगळ्यात जास्त धडधडलं असेल तर या झाकणापायी.

ज्यांनी कधी बॉनेट उघडलेलं नाही, आणि हल्ली बहुतेकांनी नसतंच उघडलेलं, त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. इंजिनाच्या डोक्यावर मुठीत मावेल एवढं एक झाकण असतं. बहुतेक काळं, वर तेलाच्या झारीचं चित्र. त्यातून ऑइल ओतायचं. काही गाड्यांत ते आट्यांवर फिरत फिरत बसतं, काहींत थोडंसं फिरवलं की खट्‌कन अडकतं. आतून रबराची रिंग. बस, एवढीच त्याची संपत्ती. पण इंजिन चालू असताना आतलं ऑइल गप बसलेलं नसतं, ते उडत असतं, जसं तव्यावर तेल उडतं. झाकण सैल असलं की ते बाहेर येतं, गरम लोखंडावर पडतं, धूर होतो, करपट वास सुटतो. झाकणच नसेल तर ऑइल बाहेर आणि धूळ आत. ऑइल संपलं की लोखंडावर लोखंड घासून इंजिन जाम. मग ते उघडायचं म्हणजे घरात लग्न काढल्यासारखं आहे.

म्हणून मी झाकण कसं बघते तेही सांगते. इंजिन बंद करायचं आणि थंड होऊ द्यायचं, घाई करून हात भाजून घेऊ नये. उघडण्याआधी भोवतीची जागा कापडाने पुसायची, नाहीतर तिथली माती सरळ आत. झाकण काढून उलटं करायचं. रबर नखाने दाबायचं. दबून परत वर आलं तर जिवंत आहे, कडक लागलं किंवा चिरा दिसल्या तर बदलायचं. आटे झिजलेत का, तोंडाची कड स्वच्छ आहे का, बघायचं. नवं घ्यायचं तर त्याच गाडीचं. जवळपास तसंच दिसतंय, हे इथे चालत नाही. आणि घट्ट करायचं ते हाताने. पान्हा लावणारे पैलवान मी खूप बघितलेत, पुढच्या वेळी तेच झाकण तोडून काढावं लागतं.

या झाकणापायी माझ्याकडे काय काय माणसं आली. एक मास्तर नुसतं झाकणच कागदात गुंडाळून घेऊन आले होते, डॉक्टरकडे नमुना न्यावा तसे. आतल्या बाजूला पिवळट साय धरली होती. म्हणाले, काकी, इंजिनात पाणी शिरलंय, संपलं सगळं. मी विचारलं गाडी कुठे कुठे जाते. तर घर ते शाळा आणि शाळा ते घर, गावातल्या गावात. मग काय होणार? आपली हवा दमट, इंजिन पुरतं तापायच्या आत बंद होतं, आतला ओलावा ऑइलमध्ये मिसळून साय धरतो. इंजिन गार ठेवणारं कूलंट कमी होत नव्हतं, धूर पांढरा नव्हता, काळजीचं काही नव्हतं. मी त्यांना सांगितलं, बायकोला घेऊन एकदा अलिबागला जाऊन या. गेले आणि साय गेली. वर समुद्र बघितला म्हणून बायको खूश.

दसऱ्यानंतरच्या दिवसांत तर माझं ठरलेलं काम. खंडेनवमीला लोक गाडीची पूजा करतात, हौशी माणूस बॉनेट उघडून इंजिनालाही हळदकुंकू लावतो, आणि काहीजण भक्तीच्या भरात झाकण काढून अक्षता टाकतात. तांदळाचा एक दाणा त्या रबराखाली अडकला की झालं, ऑइल पाझरायला मोकळं. मी दाणा काढते आणि दोन शब्द सुनावते. मिठागरावरचा एक बुवा तर झाकण हरवलं म्हणून उकडलेला बटाटा ठोकून आला होता. बटाटा तळून निघाला होता, वासाने माझा कुत्रा उठून आला.

पण आता सांगते ती गोष्ट वेगळी आहे. दोन-तीन वर्षं झाली असतील. हरतालिकेचा दिवस. दुसऱ्या दिवशी गणपती.

त्या दिवशी आमच्या रस्त्यावर यावं तुम्ही. पेणच्या कारखान्यांतून, म्हणजे आम्ही मूर्ती घडवतात त्या जागेला कारखानाच म्हणतो, गणपती निघालेले असतात. टेम्पोत, रिक्षात, मोटरसायकलवर मांडीत धरलेले. सगळ्यांच्या तोंडावर रुमाल, कारण घरी जाईपर्यंत मुखदर्शन नाही. माझा कडक उपास होता आणि शेडवर रांग. अशात एक पांढरी व्हॅन करपट वास सोडत माझ्या दारात येऊन उभी राहिली.

चालवत होती कल्पना. रोह्याच्या पलीकडच्या एका गावची सून. वर्षभर ती या व्हॅनमधून शाळेची पोरं ने-आण करते आणि कंपनीत शिफ्टला जाणाऱ्या बायकांना सोडते. माझं जुनं गिऱ्हाईक. त्या वर्षी गावातल्या घरांचे गणपती पेणहून आणायचं काम पहिल्यांदाच तिला मिळालं होतं. आधी गावातला एक टेम्पोवाला आणायचा. बाई देव आणणार म्हणून गावात थोडी कुरकुर झाली होती, म्हणून तिच्या चुलत सासऱ्यांना, तात्यांना, सोबत पाठवलेलं. सोबत म्हणायचं आपलं, लक्ष ठेवायलाच. मागच्या भागात पेंढा पसरून त्यात बाकी घरांचे गणपती बसवलेले आणि पुढच्या सीटवर तात्या, मांडीवर स्वतःच्या घरचा गणपती घट्ट धरून. तात्यांच्या घरचा नेम असा, की कारखान्यातून एकदा उचलला की घराच्या दारापर्यंत गणपती कुठेही टेकवायचा नाही.

कल्पना म्हणाली, "काकी, वास येतोय. आणि तात्या म्हणतात सीट तापलीय."

"म्हणतात नाय, तापलीय," तात्या आतून बोलले. "वडखळ सोडलं तवाच सांगितलं. ही म्हणते ऊन हाय. ऊन वरून लागतं का खालून?"

त्या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखालीच असतं. म्हणजे तात्या इंजिनावरच बसले होते. त्यांना गणपतीसकट उतरवून माझ्या स्टुलावर बसवलं. मी सीट वर उचलली. गरम वाफ तोंडावर आली. झाकणाच्या भोवताली ऑइल पाझरून सगळं चकचकीत झालेलं. आणि झाकण काय सांगू, इतकं देखणं झाकण मी कुठल्याच गाडीवर बघितलं नव्हतं. काळाभोर रंग, वर झारीचं चित्र, आणि ते चित्र सोनेरी. मुकुटाला लावतात तसलं सोनेरी.

थोडं निवू दिलं, कडा पुसल्या आणि झाकण फिरवलं. ते फिरलं नाही, तुटलं. वरचा भाग हातात आला, आणि हलका किती, जसा बत्तासा. तुटलेल्या जागी आत पांढरंफेक. आणि खालचा भाग, आट्यांचा, तोंडात चुरा होऊन आत पडताना मी माझ्या डोळ्यांनी बघितला.

मी म्हटलं, "कल्पना, हे काय गो?"

तिने खाली मान घालून सांगितलं. सकाळी घरून निघताना तिने सीट उचलून ऑइल टाकलं होतं, झाकण बाजूला ठेवलं, आणि गणपती आणायच्या आनंदात सीट तशीच खाली पाडून निघाली. झाकण रस्त्यात कुठेतरी उडालं. पेणला मोरूदादाच्या कारखान्यावर पोचली तेव्हा धूर दिसला. हा मोरूदादा म्हणजे मोठा मूर्तिकार, तात्यांच्या घरचा गणपती कायम त्याच्याकडचा. बाजारात त्या गाडीचं झाकण मिळेना, पनवेलहून आणावं लागलं असतं. मोरूदादा म्हणाला, एवढंच ना, चहा पिऊन घ्या, मी देतो. शेजारी तशीच दुसरी व्हॅन मूर्ती भरत होती. तिचं झाकण त्याने मागून घेतलं, ओल्या शाडूत दाबलं आणि फिरवत फिरवत असं अलगद बाहेर काढलं की आट्यांचा ठसा तसाच राहिला. त्यात प्लास्टर ओतलं. घट्ट झालं, माती झटकली, सायकलच्या ट्यूबची रिंग कापून लावली, रंगवलं. आणि बसलं. अगदी मापात बसलं. पेणशिवाय दुसऱ्या कुठल्या गावात कुणाला हे सुचलं असतं, सांगा मला.

मला खरं तर हसू यायला हवं होतं. पण मला आत पडलेला तो चुरा दिसत होता. तुम्हालाही सांगते, म्हणजे कळेल. वर पडलेलं ऑइल काही भोकांतून खाली चेंबरमध्ये उतरतं. तिथे एक जाळी असते, तिच्यातून पंप ते पुन्हा वर खेचतो. प्लास्टरचा तुकडा खाली गेला की तापलेल्या ऑइलमध्ये मऊ होऊन त्या जाळीला लिंपून बसणार. मग वर ऑइल नाही आणि थोड्याच अंतरात इंजिन जाम. चेंबर खाली उतरवून बघता येतं, पण ते दिवसभराचं काम. म्हणजे व्हॅन आज गावाला जाणार नाही.

तात्यांनी स्टुलावरूनच विचारलं, टेम्पोवाल्याला फोन लावायचा का. विचारलं म्हणजे ठरवलंच होतं जवळजवळ.

कल्पना माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "काकी, टेम्पो आला ना, तर पुढल्या वर्षी मला कोण विचारणार नाय. नि गाडी बसली, तर पोरांना शाळेत कशी नेऊ?"

मी तात्यांना म्हटलं, जरा दम धरा, फोन कुठे पळून जात नाही. आणि मी मोरूदादाला फोन लावला.

मी सांगितलं, झाकण फुटलं. तो म्हणाला, फुटलं म्हणजे कसं फुटलं, आडवं की उभं? मी म्हटलं, चुरा झालाय आणि इंजिनात पडलाय, गाडीत तुझेच गणपती आहेत. वर्षातला सगळ्यात गर्दीचा दिवस, कारखान्यात गिऱ्हाईक मावत नसणार. म्हणाला, तुकडे टाकू नका, एकूणएक ठेवा, मी येतो.

तो येईपर्यंत मी कामाला लागले. उपास-बिपास सगळं विसरले. झाकण ज्या पत्र्यावर बसतं ते टॅपेट कव्हर, ते नट काढून अलगद वर उचललं. नशिबाने तोंडाच्या खाली त्या कव्हरला एक पट्टी असते, बराच चुरा तिच्यावरच अडकला होता. बाकीचा खाली, ऑइलच्या छोट्या डबक्यांत. सगळ्यात आधी खाली जाणाऱ्या भोकांत कापडाचे बोळे बसवले. लोखंडाचा तुकडा असता तर चुंबक फिरवलं की काम झालं. प्लास्टरला चुंबक काय करणार. मी केसातला आकडा काढला, वाकवला आणि एकेक तुकडा उचलायला लागले. कल्पना मोबाइलची बत्ती धरून उभी. मी म्हटलं, गो, तुझा हात नाचतोय, मला एकाचे दोन दिसतायत. ती पहिल्यांदा हसली.

तुकडे डिझेलमध्ये धुतले आणि ताटलीत मांडले. काही नखाएवढे, काही दाण्याएवढे, काही नुसती कणी. मोरूदादा मोटरसायकलवरून उतरला तेव्हा त्याच्या दोन्ही हातांना सोनेरी रंग होता आणि पिशवीत ओल्या शाडूचा गोळा. नमस्कार नाही, चमत्कार नाही, ताटली बघितली आणि खाली मांडी घालून बसला. शाडूची चपटी बैठक केली. झाकणाचा वरचा भाग तिच्यात उलटा रोवला आणि एकेक तुकडा उचलून त्याच्यावर लावायला लागला.

मी कितीतरी लोकांना इंजिन जोडताना बघितलंय. पण हे काही वेगळंच होतं. तो तुकडा उचलायचा, बोटांत फिरवायचा, आणि डोळ्यांनी नाही, अंगठ्याने बघायचा. मग तो तुकडा अशा जागी जाऊन बसायचा की जोड दिसू नये. आट्याची एक रेघ पुरी झाली. दुसरी सुरू झाली. यांनी हवेचं मशीन बंद केलं आणि लंगडत आले. रस्त्याने जाणाऱ्या गाड्या थांबायला लागल्या. मांडीवर रुमाल झाकलेले गणपती घेतलेली माणसं गोल करून उभी राहिली. कुणी कणीकडे बोट दाखवलं की मोरूदादा नुसता मान हलवायचा. हिशेब सरळ होता. झाकण पुरं जुळलं तर सगळं बाहेर आलंय आणि गाडी चालू करता येते. एखादा तुकडा कमी पडला तर तो खाली आहे.

शेवटची कणी लागली. आटे गोल फिरून जुळले. आणि आतल्या बाजूला, अगदी खालच्या कडेला, वालाच्या दाण्याएवढा एक खळगा राहिला.

ताटलीत काही नव्हतं. मी पुन्हा आत बत्ती मारली, बोळे काढून बघितले, आकडा फिरवला. नाही. आणि मला दुसरीच भीती वाटायला लागली. हा तुकडा माझ्या हातून तुटला नसेल. गाडी चालू असतानाच आधी गळून पडला असेल, वडखळ ते कासू. मग तो एव्हाना जाळीवर असणार.

मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की हा दाणा सापडत नसेल तर मला चेंबर उतरवावं लागेल. तात्यांनी एका हाताने गणपती सांभाळत दुसऱ्या हाताने खिशातला फोन काढला.

मोरूदादा त्या खळग्याकडे बघत होता. मग म्हणाला, "तुकडा नाय तो."

मी विचारलं मग काय आहे.

"बुडबुडा हाय. ओतताना साचा ठोकला नाय मी. हवा राहिली. मला दिसला व्हता."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, प्लास्टर ओतलं की साचा हाताने ठोकावा लागतो, म्हणजे आतली हवा वर येते. कारखान्यात नवीन आलेल्या माणसाला आधी हेच शिकवतात. आणि हा मोरूदादा, ज्याच्या मूर्तीसाठी लोक श्रावणाच्या आधीपासून सांगून ठेवतात, भर रस्त्यात, आपल्याच गिऱ्हाइकांच्या गोलात बसून म्हणत होता की माझ्या हातून बुडबुडा राहिला. पुढे म्हणाला, मूर्तीत असा राहिला तर मी भरून घेतो. पण हे झाकण, त्यात खालची बाजू, कोण बघणार म्हणून सोडला.

तात्यांनी मांडीवरच्या गणपतीकडे बघितलं. रुमाल तर काढता येत नाही. मग मोरूदादाकडे बघितलं.

"मोरू, आमच्यात नाय ना?"

"तात्या, देवाचा साचा ठोकल्याबिगर मी हात धूत नाय."

सगळा गोल हसला. मोरूदादाही हसला, पण कान लाल झाले होते त्याचे.

पण माझा धंदा शब्दावर चालत नाही. मी खळग्यावर नख फिरवलं. तुटलेली जागा खरखरीत लागते, घासायच्या पॉलिश कागदासारखी. हवेने झालेला खळगा आतून गुळगुळीत असतो. ऑइलने सगळंच काळं झालेलं, डोळ्याला काही कळत नव्हतं. नखाला गुळगुळीत लागलं. पुन्हा फिरवलं. गुळगुळीतच. तरी पण नख माझं आणि इंजिन कल्पनाचं. मी ते झाकण शाडूसकट तिच्या समोर धरलं आणि म्हटलं, तू बघ आणि तू सांग.

कल्पनाने डोळे मिटले आणि करंगळी त्या खळग्यात फिरवली. एकदा. मग बाजूच्या तुटलेल्या कडेवर. मग पुन्हा खळग्यात. डोळे उघडून मोरूदादाकडे बघितलं, तो जमिनीकडे बघत होता.

"काकी, कव्हर बसवा," ती म्हणाली.

मग मी कसली थांबते. टॅपेट कव्हर साफ करून बसवलं. बारीक भुकटी राहिली असेल म्हणून जुनं ऑइल सगळं काढलं आणि साडीच्या फडक्यातून गाळून बघितलं. गढूळ होतं, पण दाणा नाही. अर्थात मोठा तुकडा जाळीला धरून बसतो, तो असा बाहेर येत नाही, त्यामुळे त्याच्यावर फार खूश होण्यात अर्थ नव्हता. नवीन फिल्टर, नवीन ऑइल. आणि झाकण. भंगारात जाणाऱ्या इंजिनांची झाकणं मी डब्यात साठवते, हे त्यावरून मला कायम चिडवतात. डबा जमिनीवर पालथा केला. एकाचे आटे मोठे, एकाला आटेच नाहीत, एक तडकलेलं. मोरूदादा आणि मी दोघं हातांनी चाचपत होतो. त्याच्याच अंगठ्याला ते लागलं. म्हणाला, हे बघा, हाच आटा. आणि तोच होता. नवी रबर रिंग चढवली, कड पुसली, हाताने फिरवत बसवलं, आणि शेवटचा पीळ कल्पनाला द्यायला लावला.

आता चावी. चावी फिरवली की समोर ऑइलचा लाल दिवा लागतो. इंजिन चालू झालं, ऑइलचा दाब आला, की तो विझतो. जाळी तुंबलेली असेल तर तो विझत नाही. नवीन फिल्टर रिकामा असतो, तो भरेपर्यंत नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ लागतो. मला हे माहीत होतं. तरी पण.

कल्पनाने चावी फिरवली. इंजिन सुरू झालं. दिवा लाल. मी खिडकीतून डोकं आत घातलेलं, माझ्या खांद्यावरून हे, पलीकडून मोरूदादा, आणि तात्या गणपतीला पोटाशी धरून पुढच्या काचेतून वाकलेले. दिवा लाल. माझा हात चावीकडे गेलाच होता.

विझला.

इंजिन पुरतं तापेपर्यंत तसंच चालू ठेवलं. दिवा परत लागला नाही. झाकणाच्या कडेने मी बोट फिरवलं आणि बोट वर करून सगळ्यांना दाखवलं. कोरडं. मग मात्र जमलेल्या माणसांनी आपसूक मोरया म्हटलं, आणि ते इंजिनासाठी होतं की गणपतीसाठी, मला आजही सांगता येणार नाही. माझ्या अंगावर काटा आला तो हे लिहिताना पण आलाय.

मोरूदादाने शाडूवरचं ते जुळवलेलं झाकण उचललं, शाडूसकट हातात मळून त्याचा गोळा केला, पिशवीत टाकला आणि पेणकडे गेला. मला ते ठेवायचं होतं, त्याची हळहळ वाटते. तात्या व्हॅनमध्ये चढले. टेम्पोचा फोन राहूनच गेला.

दिवेलागणीला कल्पनाचा फोन आला. म्हणाली, सगळ्या घरांत गणपती पोचले. मी म्हटलं दिवा? म्हणाली, नाय लागला. मग तात्यांच्या दारात काय झालं ते सांगितलं.

आमच्याकडे गणपती घेऊन येणाऱ्याच्या पायांवर दारात दूध-पाणी घालतात, ओवाळतात आणि मगच आत घेतात. तात्यांच्या घरी सगळ्यात शेवटी गेले. तात्या मूर्ती घेऊन दारात उभे राहिले, त्यांची धाकटी सून तांब्या घेऊन वाकली, आणि तात्यांनी पाय मागे घेतला. कल्पना गाडीपाशीच उभी होती. तात्या म्हणाले, "आधी हिच्या पायांवर घाल. गणपती हिनं आणला, मी नुसता बसून आलोय."

मी फोन कानाशी आणखी घट्ट धरला.

कल्पना म्हणाली, "काकी, माझ्या पायांना तुमच्या शेडवरचं ऑइल लागलं व्हतं. दूध-पाण्यानं निघालंच नाय. सगळे हसले."

मी म्हटलं, गव्हाचं कोरडं पीठ लाव आणि चोळ, निघून जाईल.

"राहू दे काकी," ती म्हणाली. "आज नाय काढत."